हलक्या पायाचा लांजेवार

गाडीत बसला की लांजेवार आधी उजव्या पायातला बूट काढायचा. मोजा राहू द्यायचा. बूट सीटच्या मागे नेऊन ठेवायचा, म्हणजे घसरत पॅडलखाली यायची भीती नको. मग मोज्यातला पाय एक्सिलेटरवर ठेवून दोन क्षण तसाच बसायचा, गाडी सुरू करायच्या आधी. आम्ही बाकीचे ड्रायव्हर गेटजवळच्या बाकावर चहा पीत असायचो. तिथून आवाज द्यायचो, "क्यों बैलगाड़ीवाले, पूजा हो गई?"

"झाली जी," तो मान वर न करता म्हणायचा. आणि गाडी अशी निघायची की निघाली हे बघणाऱ्याला उशिरा कळावं.

तुलसी नगरच्या मागे आमच्या सरकारी विभागाचं गॅरेज होतं. साहेब लोकांच्या गाड्या तिथे उभ्या राहायच्या आणि आम्ही ड्रायव्हरही तिथेच. मी आणि लांजेवार दोघेच नागपूरकडचे, बाकी सगळे हिंदी बोलणारे, म्हणून आम्ही आपसात मराठी बोलायचो. मी चौथी शिकलेला, तो दहावी. वयानं तो माझ्याहून सहा वर्षं लहान. मला देवरावभाऊ म्हणायचा, मी त्याला लांजेवार आणि अरे-तुरे. गाडी चालवण्यात मात्र मी कोणाला मोठा मानत नव्हतो, त्याला तर नाहीच. साहेबांना इंदूरची मीटिंग गाठायची असली की माझंच नाव निघायचं. "देवराव, उड़ा के ले चलो." मी उडवत न्यायचो. लांजेवारच्या गाडीत बसलेला साहेब झोपून जायचा आणि माझ्या गाडीतला दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून बसायचा. मला त्यात शान वाटायची.

त्याचं एक म्हणणं होतं. ब्रेक मारावा लागला की समजायचं, मागे कुठेतरी पाय जास्त दिला होता. दूरवर सिग्नल लाल दिसला की तो तिथूनच पाय उचलायचा. गाडी आपली आपली चालत जायची आणि बहुतेक वेळा ती पोहोचेपर्यंत दिवा हिरवा व्हायचा. मी शेजारून जोरात जाऊन लाल दिव्याखाली उभा असायचो. एकदा तो हळूच माझ्या बाजूनं निघाला आणि काच खाली करून म्हणाला, "त्या लाल दिव्याखाली काय भेटते जी, देवरावभाऊ? लाडू वाटते का?"

खिशात त्याच्या पेनाशेजारी टायरची हवा मोजायचं यंत्र असायचं. सकाळी टायर थंड असतानाच मोजायचा. गाडी चालवून आल्यावर मोजलेली हवा खोटी असते म्हणायचा. दर शनिवारी डिकी रिकामी करायचा. साहेबांच्या डिकीत काय नसतं? जुन्या फायली, मुलांच्या क्रिकेटच्या बॅटी, गंगाजलाचा डबा, एकदा तर मोडकी खुर्ची निघाली. सगळं काढून बंगल्याच्या पायरीवर मांडून यायचा. "हे सगळे फुकटचे पॅसेंजर आहेत," म्हणायचा. मेमसाहेबांनी त्यावरून एकदा त्याची तक्रार केली होती.

गाडीसोबत कंपनीचं जे पुस्तक येतं, ते आमच्यापैकी कोणी उघडत नव्हतं. लांजेवारनं त्याला खाकी कव्हर घातलं होतं. शामला टेकडीच्या उतारावर मी गाडी न्यूट्रल करायचो. सगळे जुने ड्रायव्हर करतात, डिझेल वाचतं म्हणून. त्यावरून त्यानं मला एकदा बाकावर टोकलं.

"नव्या गाडीले न्यूट्रल नोका करू, भाऊ. गिअरमध्येच राहू द्या अन् पाय उचला. उतारावर ते स्वतःच डिझेल बंद करते. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवाले उलट तिले पाजावं लागते. अन् ताबाही जाते तुमचा."

"तुले गाडीनं कानात येऊन सांगितलं का?"

"पुस्तकात आहे जी."

"तर मग पुस्तकावरच बसून जात जाय," मी म्हणालो. बाकावरचे सगळे हसले. तोही हसला.

लोक त्याला गाडी कोणती घ्यावी हे विचारायला यायचे. आनंद नगरला त्याच्या गल्लीत मोठ्या कारखान्यातले एक कुलकर्णी राहायचे, पुण्याकडचे. त्यांना उंच डिझेल गाडी घ्यायची होती. ही गोष्ट कुलकर्णींनी स्वतः मला सांगितलेली आहे. लांजेवारनं विचारलं, "रोज जाता कुठे?"

"कारखान्यात."

"किती दूर?"

"चार किलोमीटर."

"अन् इतवारच्या दिवशी?"

"भाजी आणायला."

"मग हा हत्ती कोणाले दाखवायचा आहे जी?"

कुलकर्णी खरं बोलले. म्हणाले, "सासऱ्यांना."

"तर एक दिवस भाड्यानं आणा अन् दाखवा. चार किलोमीटरमध्ये डिझेलचं इंजिन गरमही होत नाही, धूर गाळायची जाळी बुजते, मग गॅरेजवाल्याचं पोट भरत बसा. तुमाले लहान पेट्रोल गाडी बस झाली." पुढे त्यानं त्यांना एक महिनाभर आपण कुठे कुठे जातो ते लिहायला लावलं, मगच दुकानात जाऊ दिलं. कुलकर्णींकडे अजून तीच लहान गाडी आहे.

मे महिन्यात मीटिंगच्या बाहेर आमच्या गाड्या ओळीनं उभ्या असायच्या, सगळ्यांची इंजिनं चालू, एसी चालू, कारण साहेब कधीही बाहेर येईल. लांजेवारची गाडी लांब कडुलिंबाखाली, बंद. आतल्या चपराशाला त्यानं सांगून ठेवलेलं असायचं, साहेब उठले की फोन कर. एकदा फोन आला नाही. साहेब घामाघूम येऊन उभे राहिले, गाडी भट्टी झालेली. आम्ही बघत होतो आता काय होतं. "साहब, एक मिनट," म्हणाला. चारही काचा खाली केल्या, एका बाजूचं दार धरून पाचसहा वेळा जोरात उघड-बंद केलं, पंख्यासारखं. आतली गरम हवा पलीकडच्या खिडकीतून बाहेर. साहेब बसले आणि म्हणाले, "अरे, ये तो ठंडी हो गई." आमची तोंडं पडली.

असा माणूस. माझ्या डोळ्यांत तो खुपायचा, हे मी लपवत नाही. पण माझ्या मनातली एक गोष्ट जगात फक्त त्यालाच माहीत होती.

मी आधी एका फार मोठ्या साहेबाच्या गाडीवर होतो. ती सोडून पूलच्या, म्हणजे लागेल त्या साहेबाला मिळणाऱ्या, गाडीवर आलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं, मीच सोडली, वेळीअवेळी जावं लागायचं म्हणून. खरं असं होतं की त्या साहेबांची आई आणि बायको मागे बसलेल्या होत्या. मी नेहमीसारखा जोरात होतो. समोर सायकल आली. ब्रेक असा मारला की म्हातारीचं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, ओठ फाटला. सुनेनं मला तिथेच उतरवलं. रस्त्यात किल्ली मागून घेतली. मी चालत आलो. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गॅरेजात गाडी धुवायच्या रॅम्पवर एकदा लांजेवार आणि मी दोघेच होतो, तेव्हा कसं कोण जाणे माझ्या तोंडून निघालं. तो पाण्याचा पाइप बंद करून माझ्याजवळ बसून राहिला.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हा वाहन शाखेवर नवीन साहेब आले, त्रिपाठी. त्यांनी सगळ्या गाड्यांची लॉगबुकं मागवली. आमच्याकडे एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या चार गाड्या होत्या. तिघांच्या लिटरला तेरा-चौदा किलोमीटर देत होत्या. माझी साडेनऊ. त्याच सुमारास दुसऱ्या एका ऑफिसात टाकीतून डिझेल काढून विकणारा ड्रायव्हर पकडला गेला होता. त्रिपाठी साहेबांनी मला उभं केलं आणि विचारलं, "बाकी डीजल कहाँ जाता है?"

मी म्हणालो, "गाड़ी पी जाती है."

"और तीन गाड़ियाँ नहीं पीतीं?"

सात दिवसांत लेखी उत्तर मागितलं. मी एक ओळ लिहून दिली, मी चोर नाही. साहेबांनी तो कागद बाजूला सारला आणि सांगितलं की चौकशी लागेल, आणि चौकशीत चोरी ठरली तर नोकरीही जाईल आणि पेन्शनही.

बत्तीस वर्षांत मी एक थेंब विकला नव्हता. इंदूरला जाताना ढाब्यावर रॉकेलचे रिकामे डबे घेऊन माणसं उभी असतात, डोळ्यांनी विचारतात. मी त्यांना शिव्या घालून पुढे गेलेला माणूस. आणि आता बाकावर मी येऊन बसलो की दोघं उठून जायचे. त्यांच्यातला एक तर खरोखर विकायचा.

चौथ्या दिवशी मला कळलं की लांजेवार आपणहून त्रिपाठी साहेबांकडे जाऊन आला. काय बोलला तेही कळलं. "साहब, देवराव चोर नहीं है. उनका पैर भारी है."

मी त्याला रॅम्पजवळ गाठला. "काय म्हणाला तू साहेबाले?"

"खरं ते सांगितलं जी."

"मले गाडी चालवता येत नाही, असं सांगितलं तू. बत्तीस वर्षं!"

"गाडी येते तुमाले. डिझेल येत नाही." तो घाबरलेला होता पण मागे सरकला नाही. "भाऊ, क्लचवर तुमचा पाय चोवीस घंटे असते. चढावर हाफ क्लचवर उभे राहता. दर सिग्नलले पळता अन् दर सिग्नलले ब्रेक मारता. लिटरमागे चार किलोमीटर त्याच्यातच जाते. मी साहेबाले म्हटलं, परीक्षा घ्या."

मी त्याची कॉलर धरली होती. लोक जमले म्हणून सोडली. घरी बायको म्हणाली, "चोर म्हणवून घ्यायला तयार आहात, पण गाडी नीट येत नाही म्हणवून घ्यायला नाही. धन्य आहे तुमची." मी जेवलो नाही.

परीक्षा अशी ठरली. माझीच गाडी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, झाकणावर लाखेचं सील. तुलसी नगरहून निघायचं, आनंद नगरवरून रायसेन रोडनं रायसेनपर्यंत आणि परत, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं जळलं. पहिल्या दिवशी मी चालवायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी लांजेवारनं. दोन्ही दिवस गाडीत वजन सारखं हवं म्हणून तिघं तेच. शाखेचे शर्मा बाबू पुढे कागद घेऊन, आणि आम्हा दोघांपैकी जो चालवत नाही तो मागे. वजनाची गोष्ट लांजेवारनंच काढली होती.

त्रिपाठी साहेबांनी निघताना मला स्वच्छ सांगितलं, "तुम्हारे हाथ से साढ़े नौ आया और इसके हाथ से चौदह, तो बात पैर की है. तुम्हारे हाथ से भी चौदह आया, तो मैं समझ जाऊँगा कि रोज़ का डीजल कहाँ गया."

म्हणजे मला वाचायचं असेल तर रोजच्यासारखीच वाईट चालवायची होती. एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. पण मी सीटवर बसलो, आरशात मागे लांजेवारचा चेहरा दिसला, बाजूला शर्मा बाबू पेन उघडून बसलेले. गेटवर सगळे ड्रायव्हर उभे, बैलगाडीवाला आणि देवराव यांचा सामना बघायला. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की बघून घ्या, देवरावला हलकी चालवता येत नाही काय? बावीस वर्षं मी त्याच्यावर हसत होतो म्हणजे बावीस वर्षं त्याच्याकडे बघतही होतो. त्याचं सगळं मला पाठ होतं.

मी लोण्यासारखी गाडी काढली. दुसरा, तिसरा, चौथा, इंजिनानं आवाज चढवायच्या आत गिअर टाकत गेलो. डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवला. पहिला सिग्नल दूरवर लाल दिसला, पाय उचलला. पोहोचलो तेव्हा हिरवा. ब्रेकला हात म्हणा, पाय म्हणा, लागला नाही. आनंद नगर येईपर्यंत मी तीन वेळा ब्रेक मारला असेल. शर्मा बाबू म्हणाले, "वाह, आज तो मक्खन चल रही है."

आरशात लांजेवारचा चेहरा पांढरा पडलेला होता. त्याला गाडी बघायची गरज नसायची, त्याच्या कानाला सगळं कळायचं. तो पुढे वाकून माझ्या कानाशी मराठीत म्हणाला, "देवरावभाऊ, रोज चालवता तशी चालवा."

"मी रोज अशीच चालवतो."

"भाऊ, पेन्शन आहे तुमची."

"तू गप बस मागे."

"क्या बोल रहे हैं?" शर्मा बाबूंनी विचारलं. त्यांना मराठी येत नव्हती.

"कुछ नहीं साहब, घर की बात," लांजेवार म्हणाला आणि मागे टेकला.

वस्ती मागे पडली. मी पन्नासवर धरून ठेवली होती, काटा हलत नव्हता. मला आतून गोड वाटत होतं, खोटं कशाला बोलू. स्वतःचा गळा स्वतः कापत होतो आणि हात किती सफाईनं चालतो म्हणून खूश होत होतो.

मग मागून आवाज आला. लांजेवारचाच, पण मी कधी ऐकला नव्हता तसा.

"पाय कापते काय जी आज?"

मी काट्यावरची नजर हलवली नाही.

"ट्रॅक्टरच्या मागे चालले देवराव. इंदूरवाले देवराव. भुशाच्या ट्रॉलीच्या मागे."

समोर खरंच भुशाची ट्रॉली होती. मी ओलांडायची घाई न करता तिच्या मागेच राहिलो होतो, तो स्वतः राहायचा तसा.

"म्हातारे झाले तुमी. आता घरी बसून नातवाले फिरवा. त्याच्या पाळण्याले ब्रेक नसते."

"लांजेवार, तोंड सांभाळ."

"मी काऊन सांभाळू? तुमी सांभाळलं होतं त्या म्हातारीचं? रक्त आलं तिच्या तोंडातून. भर रस्त्यात किल्ली काढून घेतली बाईनं, अन् तुमी पायी पायी आले. तेव्हापासून भ्याले तुमी. शान फक्त वरची. आत देवराव तिथेच उभा आहे, सायकलले पाहून."

त्यानंतर मला रस्ता दिसत होता आणि दुसरं काही नाही. तिसरा गिअर टाकून पाय मुळापर्यंत दाबला. इंजिन किंचाळलं. ट्रॉलीला ओलांडताना समोरून बस आली. मी आत घातली, बसचा वारा आमच्या आरशाला लागला. शर्मा बाबू ओरडले, "मार डालोगे क्या?" त्यांचे कागद पायाशी उडून पडले. मी पुढच्या ट्रकला गाठलं, ब्रेक, पुन्हा पाय, पुन्हा ब्रेक. आरशात मी त्याच्याकडे बघितलं. जो माणूस साठच्या वर कधी गेला नव्हता, तो डोळे गच्च मिटून सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. आणि बोलतच होता.

"असंच का? एवढंच येते काय?"

रायसेनला गाडी फिरवली तेव्हा शर्मा बाबू उतरायला बघत होते. लांजेवारनं त्यांना हात जोडले, "साहब, बैठिए, वजन बराबर रहना चाहिए." परतताना मला त्यानं एकदाही शांत होऊ दिलं नाही. मी जरा पाय उचलला की एखादं वाक्य यायचं. साधंच. पण नेमक्या जागी.

पंपावर सील तोडलं. मशीनचे आकडे फिरत राहिले, फिरत राहिले. हिशोब केला तर साडेनऊही नाही, नऊच्या जरा खाली. शर्मा बाबूंनी आकडा लिहिला. लांजेवार पंपाच्या कट्ट्यावर बसला होता, तोंड गमछ्यात. ओकारी दाबत होता असं वाटलं. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर बघितलं, डोळे लाल.

"झालं जी," तो म्हणाला.

मी त्याला एक शिवी दिली, इथे लिहिण्यासारखी नाही, आणि पायी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्यानं बूट काढला, दोन क्षण बसला आणि त्याच गाडीतून पंधराला अर्धा कमी काढून दाखवला. मागे बसून मी खिडकीबाहेर बघत होतो. जाताना तो भुशाच्या तशाच एका ट्रॉलीमागे तीन किलोमीटर चालला.

चौकशी लागली नाही. त्रिपाठी साहेबांनी माझ्या कागदावर लिहिलं की चोरी सिद्ध होत नाही, पण ड्रायव्हरला शिकवणीची गरज आहे, एक महिना लांजेवारच्या हाताखाली. पहिलं वाक्य वाचून मी सुटलो आणि दुसरं वाचून मेलो. तो महिना मी काढला. तो शेजारी बसायचा, "उचला" एवढंच म्हणायचा आणि मी उचलायचो. महिन्यानंतर माझी गाडी साडेबारावर आली. कोणी विचारलं तर मी सांगायचो, टायर बदलले.

त्यानं गाडीत तसं का केलं ते मला पंपावरच कळलं होतं. शिवी देतानाच कळलं होतं. पण रॅम्पवर सांगितलेली गोष्ट त्यानं बाहेर काढली होती, त्या बाबूला समजली नसली तरी माझ्यासमोर काढली होती, आणि मला वाचवायला काढली म्हणून ती कमी लागत नव्हती. मी बोलणं सोडलं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी हार घातले. तो मागे उभा होता. मी त्याच्यापर्यंत गेलो नाही. असा मी आहे, बायको म्हणते ते खोटं नाही. पुढे तोही निवृत्त झाला. आठ वर्षं गेली.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवायला बँकेत जावं लागतं, तिथे मागच्या वर्षी तो भेटला. वाळला होता. कान तेवढे मोठे राहिले होते. मुलगी सोडून कामावर गेली होती, परत जायला रिक्षा बघत होता. माझ्याकडे आता लहान पेट्रोल गाडी आहे, जुनीच घेतलेली. मी त्याच्यासमोर गाडी उभी केली आणि दार आतून ढकललं. तो बसला. त्यानंतर सात आठवड्यांनी तो गेला, ते मला पेपरातून कळलं. म्हणजे ही भेट शेवटचीच.

मी मनात जुळवत होतो, की आनंद नगर यायच्या आत बोलायचं. सुरुवात कुठून करायची ते सापडत नव्हतं. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला बघितलं तर त्याची मान एका बाजूला पडलेली, तोंड थोडं उघडं. मी वाकून बघितलं. मग छाती वरखाली होताना दिसली. झोपला होता.

ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाही. मी उभ्या नोकरीत कधी झोपलो नाही. पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जात राहतो. आणि हा माझ्या शेजारी झोपला होता, माझ्या.

आनंद नगरचं वळण आलं. मी वळलो नाही. तसाच रायसेन रोडनं पुढे गेलो, चाळीसवर, खड्डा दिसला की आधीच बाजू घेत. बरंच पुढे जाऊन फिरलो आणि परत आलो. एवढं पेट्रोल मी उगाच जाळलं, आणि त्याबद्दल त्यानं मला सोडलं नसतं. त्याच्या घरासमोर गाडी थांबली तशी त्याला जाग आली.

"आलो का जी?"

"आलो," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "त्या दिवशी तू बोलला, ते बरं केलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कोण्या दिवशी जी?"

मी सांगितलं नाही. त्याला आठवत नव्हतं, की आठवत असून विचारत होता, ते मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. तो दाराची वरची कड धरून सावकाश उतरला आणि दार लावलं. इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. मला वाकून पुन्हा ओढावं लागलं. मान वर केली तोवर तो आत गेला होता.